मंडळाचे वॉकीटॉकी

गणपती जवळ आले की पुण्यात बिबवेवाडीतल्या आमच्या घरी पोरांची ये-जा वाढते. मी परवानाधारक हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाला, त्यामुळे ऑनलाइन मागवलेले स्वस्त वॉकीटॉकी पिशवीत भरून "काका, एवढे सेट करून द्या ना" म्हणत कुणीतरी येतंच. मिरवणुकीच्या गर्दीत मोबाइल लागत नाही. गरज खोटी नाही. एका मंडळाच्या पोरांनी मात्र चॅनेल आधीच लावून आणलं होतं, 136 मेगाहर्ट्झच्या जरा वर. कारण काय, तर "तिथं कुणीच बोलत नाही, एकदम शांत आहे."

शांत असणारच. 118 ते 137 मेगाहर्ट्झ हा पट्टा जगभर विमानांशी बोलण्यासाठी राखलेला आहे. तिथं गरजेपुरतं बोलून लगेच गप्प बसतात. शिवाय ते बोलणं एएमवर चालतं, हे संच एफएमचे. मधे घुसलो तरी पोरांना पत्ताही लागायचा नाही.

"लोहगावचा विमानतळ कुठं, आपली बिबवेवाडी कुठं!" एकानं म्हटलंच. जमिनीवरून ते बरोबर आहे. इमारती, टेकड्या छोट्या संचाचा आवाज अडवतात. पण विमान डोक्यावर असतं, मधे आडोसा कसला? टॉवरला जे ऐकूही येणार नाही, ते वैमानिकाच्या कानात खरखरतं.

27 मार्च 1977 ला टेनेरिफ बेटावरच्या विमानतळावर केएलएम आणि पॅन अ‍ॅमची विमानं धावपट्टीवर एकमेकांवर आदळली, तेव्हा तर बाहेरचं कुणी घुसलंही नव्हतं. धुक्यात टॉवर आणि पॅन अ‍ॅमचं विमान एकाच क्षणी बोलले. केएलएमच्या कॉकपिटमध्ये ऐकू आला "ओके" आणि पुढे नुसती शिट्टी. टॉवरचा 'थांबा, मी सांगतो' हा निरोप त्या शिट्टीत बुडाला. 583 माणसं गेली. कारणं आणखीही होती, पण हे पोरांना सांगितल्यावर खोली गप्प झाली.

मला खोडसाळपणापेक्षा भीती वाटते ती कमरेच्या पट्ट्याखाली दाबून राहिलेल्या बटणाची. ढोलाच्या नादात ते तासभर कुणाच्या लक्षातही येणार नाही.

तेव्हा संच घेताना 446.0 ते 446.2 मेगाहर्ट्झचाच, कमी ताकदीचा आणि ईटीए (उपकरण-प्रकार मान्यता) प्रमाणपत्र असलेला घ्या. त्याला परवाना लागत नाही. परवाना लागणारे संच विनापरवाना नुसते जवळ बाळगणंही 1933 च्या कायद्यापासून गुन्हा आहे, आणि 2023 च्या दूरसंचार कायद्यानंही ते विनापरवाना बाळगायची मोकळीक दिलेली नाही. 2025 पासून ऑनलाइन विक्रेत्यानं वारंवारता आणि प्रमाणपत्राची माहिती जाहिरातीत द्यायची आहे. ती नसेल तर पुढे सरका. जास्त लांब बोलायची हौस असेल तर हॅमची परीक्षा द्या. मोर्स संकेतलिपी नको असेल तर तशीही सोय आहे.

पोरांनी कुरकुरत संच परत पाठवले. 446 चे नवे गल्लीबोळांत फार लांब पोचत नाहीत, म्हणून मधल्या चौकात एक जण निरोप पुढे ढकलायला उभा करावा लागतो. त्या जागेवर कोण उभं राहणार, यावर आता दरवर्षी भांडण.