घडाची तपासणी होते, फवारणाऱ्याचीही व्हावी

2010 च्या हंगामात भारतातून युरोपात गेलेल्या द्राक्षांमध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाचा अंश सापडला आणि निर्यातीचे गणित कोलमडले. तिथली मर्यादा होती किलोमागे 0.05 मिलिग्रॅम. नाशिक जिल्ह्यातील बागाईतदारांना तो फटका आजही आठवतो. त्यानंतर निफाड तालुक्यातला निर्यातदार शेतकरी फवारणीची नोंदवही चोख ठेवू लागला. कोणते औषध, किती, कधी, काढणीला किती दिवस बाकी, हे सारे लिहून ठेवायचे आणि काढणीआधी घडांचा नमुना प्रयोगशाळेत पाठवायचा.

त्या वहीत एक रकाना मात्र सहसा नसतो. ज्याने फवारले त्याची प्रकृती कशी आहे, याचा. खाणाऱ्याच्या वाट्याला घडावरचा उरलासुरला अंश येतो. औषध कालवणाऱ्याच्या हातावर मात्र बाटलीतले मूळ द्रावण सांडते. दोघांच्या धोक्यात फार मोठे अंतर आहे. कीटकनाशकांविषयीच्या 1971 च्या नियमांत फवारणी करणाऱ्यांना संरक्षक कपडे देण्याची, त्यांच्या वैद्यकीय तपासणीची आणि रक्तातील कोलिनेस्टरेज मोजण्याचीही तरतूद आहे. कारखान्यात धोक्याचे मूल्यमापन हा नेहमीचा शब्द. द्राक्षबागही कामाचीच जागा आहे, तिथेही ते व्हायला हवे.

सुरुवात ऑक्टोबर छाटणीपासून करावी. छाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काडीवर हायड्रोजन सायनामाइड लावतात. बागेत याला पेस्टिंग म्हणतात. कापडाचा बोळा किंवा स्पंज द्रावणात बुडवून एकेक डोळा ओला करायचा, म्हणजे तासन्‌तास हात औषधातच. हे रसायन त्वचा भाजते, डोळ्यांना इजा करते आणि त्वचेतून शरीरात शिरते. त्याचा आणखी एक परिणाम अनेकांना ठाऊक नसतो. दारू पचवणाऱ्या एका विकराचे काम ते बंद पाडते. दिवसभर पेस्टिंग करून संध्याकाळी कुणी थोडीशी जरी दारू घेतली, तरी चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, डोके ठणकते, रक्तदाब घसरतो. घरच्यांना वाटते, दारू चढली. या कामाच्या आदल्या दिवसापासून नंतरचा निदान आठवडाभर दारूला अजिबात हात लावू नये. टोळीच्या मुकादमाने ही गोष्ट कामाला लागण्यापूर्वीच सर्वांना सांगावी. युरोपीय संघाने 2008 मध्येच या औषधाला मान्यता नाकारली, त्यामागे वापरणाऱ्यांच्या आरोग्याची काळजी हे एक मोठे कारण होते.

धोका शोधायचा तर आधी बागेतून डोळे उघडे ठेवून एक फेरी मारावी आणि काम करणाऱ्यालाच विचारावे. पाठीवरचा पंप कुठे गळतो, ब्लोअरचा फवारा कधी अंगावर येतो, ट्रॅक्टरवरून यंत्राला शक्ती देणाऱ्या पीटीओच्या फिरत्या दांड्यावर झाकण आहे का, ओल्या जमिनीवरून मोटारीची उघडी वायर गेली आहे का, हे त्याला नेमके माहीत असते. मग प्रत्येक धोक्याला दोन प्रश्न लावावेत. हे घडण्याची शक्यता किती? आणि घडले तर इजा किती मोठी? पीटीओत ओढणी किंवा धोतराचा सोगा अडकणे रोजचे नाही, पण अडकला तर जीव जातो. त्यामुळे ते झाकण आजच बसवायला हवे. विरळणी करताना दिवसभर हात डोक्याच्या वर राहिल्याने मान आणि खांदे दुखणे मात्र जवळजवळ प्रत्येक बाईच्या वाट्याला येते. त्याने कुणी दगावत नाही म्हणून ते दुर्लक्षित राहते. उंचीप्रमाणे स्टूल, दर तासाला थोडी विश्रांती आणि कामाची आलटापालट एवढ्यानेही फरक पडतो.

उपाय करताना क्रम महत्त्वाचा. बहुतेक ठिकाणी सुरुवात मास्कपासून होते, खरे तर तो शेवटचा उपाय. भुरी किंवा डाऊनी या बुरशीजन्य रोगांचा धोका हवामान पाहून ठरवला तर काही फवारण्या टाळताच येतात. टाळता येत नसेल, तर कमी विषारी औषध निवडावे. डब्यावरच्या चौकोनातला लाल त्रिकोण सर्वांत जहाल, त्याखाली पिवळा, मग निळा, हिरवा सर्वांत सौम्य. त्यानंतर वारा नसलेली सकाळची वेळ, न गळणारा पंप, बंद केबिनचा ट्रॅक्टर. या सगळ्यानंतर नायट्राइलचे हातमोजे, गॉगल, गमबूट आणि कार्बन फिल्टरचा मास्क. तोंडाला गुंडाळलेला गमछा वाफ अडवत नाही, उलट औषधाने ओला होऊन तेच नाकाशी धरून ठेवतो. गळक्या पंपाने भिजलेली पँट तर लगेच बदलावी, कारण जांघेतली त्वचा हातापेक्षा कितीतरी पटीने अधिक विष शोषते.

फवारणी संपली की धोका संपला, असे नाही. सकाळी फवारलेल्या बागेत दुपारी विरळणीला बायका शिरल्या, तर पानांवरचे औषध त्यांच्या हातांना लागते. पुन्हा बागेत कधी जायचे, ते लेबलवर लिहिलेले असते आणि ते पाळायलाच हवे. गर्भवती व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांना या कामापासून दूर ठेवावे. फवारणीचे कपडे घरातल्या इतर कपड्यांत मिसळू नयेत.

हेच विष बांधावरून पुढेही जाते. निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा या नद्या जिथे भेटतात तिथले नांदूर मधमेश्वर 2020 मध्ये महाराष्ट्राचे पहिले रामसर स्थळ ठरले. पंप ओढ्यात किंवा विहिरीपाशी धुतला, तर ते पाणी शेवटी त्याच पाणथळीकडे आणि आपल्याही पिण्याच्या पाण्याकडे वाहते. रिकामी बाटली तीनदा विसळावी, ते पाणी टाकीतच ओतावे आणि बाटलीला भोके पाडावीत. तिच्यात कुणी पाणी किंवा रॉकेल भरता कामा नये.

2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो रुग्णालयांत दाखल झाले. डोक्याएवढे वाढलेले पीक, दमट उकाडा, औषधांची मिश्रणे आणि उघडे अंग, हे सारे एकाच वेळी जुळून आले होते. द्राक्षाच्या मांडवाखालीही फवारा वरून अंगावर पडतो, म्हणून निफाडने यवतमाळकडे परक्याचे दुःख म्हणून पाहू नये.

मळमळ, डोकेदुखी, अंधारी ही लक्षणे दिसली की ऊन लागले किंवा पित्त झाले, असे म्हणून सोडून देतात. त्यासोबत तोंडाला लाळ सुटणे, डोळ्यांतून पाणी, दरदरून घाम, छातीत घरघर आणि टाचणीच्या टोकाएवढ्या बाहुल्या असतील, तर ऑरगॅनोफॉस्फेट किंवा कार्बामेट गटाच्या विषबाधेचा संशय घ्यावा. त्यावर अट्रोपिन हे इंजेक्शन आहे, पण ते रुग्णालयात आणि वेळेत मिळायला हवे. हायड्रोजन सायनामाइडवर असा खास उतारा नाही आणि सायनाइडवरचे उपचार इथे चालत नाहीत. त्यामुळे डॉक्टरांना औषधाचे नेमके नाव कळणे फार गरजेचे आहे.

रुग्णाला आधी बागेबाहेर मोकळ्या हवेत आणावे. मदत करणाऱ्याने हातमोजे घालून त्याचे सगळे कपडे उतरवावेत, अंग साबणाने आणि भरपूर पाण्याने धुवावे. डोळ्यात गेले असेल, तर वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे डोळा धुवावा. मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नये, दूधही देऊ नये. शुद्ध हरपली असेल तर कुशीवर वळवून 108 ला फोन करावा. दिल्लीच्या एम्समधील राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा 1800-116-117 हा मोफत क्रमांक आहे, तो औषधांच्या खोलीच्या दारावर ठळक लिहून ठेवावा. आणि निघताना औषधाची बाटली, तिच्यावरच्या लेबलसह, रुग्णासोबत गाडीत ठेवावी.