साठ तास पूर्ण होऊ द्या

पालकहो,

तुमचा मुलगा किंवा मुलगी पदवीच्या वर्गात असेल, तर ‘सीईपी’ (कम्युनिटी एंगेजमेंट प्रोग्राम) किंवा ‘फील्ड प्रोजेक्ट’ हे शब्द घरात एव्हाना कानावर आले असतील. नव्या शैक्षणिक धोरणामुळे जवळपासच्या सामाजिक संस्थेत जाऊन काम करणं हा आता अभ्यासक्रमाचा भाग झाला आहे. एका श्रेयांकाला तीस तास, म्हणजे दोन श्रेयांकांना साठ. आठवड्यातून दोन दिवस, दोन-दोन तास गेलं तर अख्खं सत्र लागतं. आमच्या महाविद्यालयात या उपक्रमाचं नियोजन माझ्याकडे आहे. सत्र सुरू झालं की पालकांचे फोन येऊ लागतात आणि त्यात एक प्रश्न हमखास असतो: “मॅडम, आमच्या ओळखीची एक संस्था आहे, तिथलं सर्टिफिकेट आणलं तर चालेल ना?”

त्यामागची ओढाताण मला दिसते. क्लास, परीक्षा, बसचा प्रवास, त्यात हे आणखी एक. तरीही मनापासून सांगते, तसं सर्टिफिकेट आणू नका. मुलांना जाऊ द्या, आणि पूर्ण वेळ जाऊ द्या.

एक उदाहरण सांगते. बी.कॉम.ची एक विद्यार्थिनी वस्तीतल्या अभ्यासिकेत जात होती. पत्र्याची खोली, सतरंजी, एक पंखा, वीस-बावीस मुलं. चौथीतली एक मुलगी धडा घडाघडा वाचून दाखवायची. आमची विद्यार्थिनी खूश. तिने अहवालाच्या वहीत ‘वाचन उत्तम’ असं लिहूनही टाकलं. बऱ्याच दिवसांनी एकदा तिने त्याच पानावर मधल्याच एका शब्दावर बोट ठेवलं आणि विचारलं, “हे काय आहे गं?” मुलगी गप्प. थोड्या वेळाने ती पानाच्या पहिल्या ओळीपासून पुन्हा म्हणायला लागली. धडा तिला तोंडपाठ होता. अक्षरं येतच नव्हती.

त्यानंतर पुस्तक बाजूला ठेवून दोघी गल्लीत फिरायला लागल्या. किराणा, दळण, रिचार्ज, दूध अशा पाट्या वाचायच्या आणि परत येऊन तेच शब्द चिठ्ठ्यांवर लिहायचे. हळूहळू ‘दळण’मधला ‘द’ ‘दूध’मध्येही सापडू लागला. ही विद्यार्थिनी दोन दिवस जाऊन आली असती, तर वाचणाऱ्या मुलीचा छान फोटो आणि एक चुकीचा अहवाल एवढंच हाती लागलं असतं. माणसांच्या अडचणी पहिल्या भेटीत दिसत नाहीत. त्या दिसायला जेवढा वेळ लागतो, तेवढा तरी मुलांनी द्यायला हवा असं माझं ठाम मत आहे.

पुण्यातल्या वाचकांना याचं मोठं उदाहरण रोज सकाळी दारात दिसतं. १९९० च्या सुमारास एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या पुण्यातल्या प्रौढ शिक्षण विभागातल्या कार्यकर्त्या कचरावेचक मुलांना आणि बायकांना शिकवायला जात होत्या. कचरावेचकांबरोबर फेऱ्या मारताना कार्यकर्त्यांच्या लक्षात आलं, की ओला आणि सुका कचरा घरातूनच वेगळा मिळाला तर या बायकांचे हात कुंडीत घालायचे वाचतील आणि कमाईही वाढेल. त्या कामातून १९९३ साली, कष्टकऱ्यांचे नेते बाबा आढाव यांच्या साथीने, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली. पुढे २००८ मध्ये महापालिकेशी करार होऊन ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था घरोघर कचरा गोळा करू लागली. याची सुरुवात विद्यापीठातल्या माणसांनी वस्तीत नियमित जाण्यातून झाली होती.

तुमच्यापैकी कितीतरी जण स्वतः एनएसएसमध्ये, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेत, असतील. १९६९ पासून ही योजना आहे. वर्षाला १२० तास आणि खेड्यातलं शिबिर तुम्हालाही आठवत असेल. त्या गोष्टी मुलांना सांगा. आपल्या आईने कधी बंधाऱ्यासाठी दगड वाहिले होते, हे मुलांना बऱ्याचदा माहीतच नसतं.

मुलींच्या पालकांशी थोडं वेगळं बोलायचं आहे. “वस्तीत नको, ऑफिसात बसून काही देता येईल का?” असं तुम्ही विचारता. काळजी रास्त आहे, पण ती नकारात संपवू नका. प्रश्न विचारा, तो तुमचा हक्कच आहे. संस्थेत जबाबदार व्यक्ती कोण, तिचा नंबर काय? काम किती वाजता संपतं, अंधार पडायच्या आत बस मिळते का? सोबत दुसरी विद्यार्थिनी आहे का? तक्रार करायची झाली तर कोणाकडे? ज्या संस्थेला याची उत्तरं नीट देता येत नाहीत, तिथे मीही मुलींना पाठवत नाही.

संध्याकाळी मूल घरी आलं की जेवताना ऐकून घ्या. ते कधी गप्प असेल, कधी चिडलेलं असेल. पाण्याच्या नळावरची भांडणं, दारू, शाळा सोडून धाकट्या भावाला सांभाळणारी मुलगी, आणि आपल्याच सोसायटीत वेगळा ठेवलेला कामवाल्या मावशींचा कप, यावर ते तुम्हाला अवघड प्रश्न विचारेल. “तू तुझं काम कर, त्यांच्या भानगडीत पडू नकोस” हे वाक्य अशा वेळी फार सहज तोंडून निघतं. कृपा करून ते आवरा. उत्तर माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा. आणि अहवाल त्याचा त्यालाच लिहू द्या, मोडक्यातोडक्या भाषेत असला तरी चालेल.

संस्थेचाही विचार करा. दर सत्राला नवी मुलं येतात. त्यांना वस्तीची ओळख करून देण्यात, लहान मुलांचे फोटो काढून स्टेटसला का टाकायचे नाहीत हे समजावण्यात तिथल्या ताईंचे कितीतरी तास जातात, तेही तुटपुंज्या मानधनावर. आपलं मूल चौथ्या आठवड्यात यायचं बंद झालं, तर तिकडे सतरंजीवर कोणीतरी ‘दादा आज पण नाही आला’ म्हणत दाराकडे बघत असतं. म्हणून परीक्षा, लग्नकार्य, गावची जत्रा हे सगळं आधीच कॅलेंडरवर बघून मगच दिवस ठरवा, आणि सुट्टी घ्यायचीच झाली तर मुलाला स्वतः फोन करून ताईंना कळवायला सांगा.

सत्राअखेरीला मुलं आपलं काम महाविद्यालयात मांडतात, तेव्हा संस्थेच्या ताईही येतात. तुम्हीही या. त्यांच्याशेजारी बसा आणि आमच्या मुलांचा तुम्हाला काय उपयोग झाला, काय त्रास झाला, हे त्यांनाच विचारा. त्या मोकळेपणाने सांगतात. त्यांनी सांगितलेलं मी लिहून ठेवते आणि पुढच्या सत्राचं नियोजन त्यावरूनच करते.