उत्तर येते, पण पेपर कोरा

पनवेल तालुक्यात माथेरानच्या पायथ्याशी असलेल्या ठाकूर-कातकरी वाड्यांतील मुलांना शिकवणाऱ्या प्रत्येकाला असे एखादे मूल भेटलेले असते. एरवी तोंडी उत्तर बरोबर देते. चाचणीच्या दिवशी मात्र पोट दुखते, हाताला घाम सुटतो, कागद कोरा राहतो. आपण शेरा मारून मोकळे होतो : "स्वभावच बुजरा."

लीबर्ट आणि मॉरिस या मानसशास्त्रज्ञांनी 1967 मध्ये परीक्षेच्या भीतीचे दोन भाग वेगळे केले : शरीराची धडधड आणि मनातली काळजी. गुण जास्त घटतात ते काळजीने. 'मला जमणारच नाही' हा विचार मनात ठाण मांडून बसला की येणारेही आठवत नाही.

अध्ययन अक्षमता म्हणजे बुद्धीची कमतरता नव्हे. वाचन, लेखन किंवा गणित यांत मूल अडते. कष्ट करूनही दरवेळी बोलणी खाल्ली की ते हात वर करणे सोडते, मागच्या रांगेत जाऊन बसते. काही मुले मुळातच अधिक चिंता करणारी असतात, हे खरे. पण पुष्कळदा ज्याला आपण स्वभाव म्हणतो, तो मुलाने स्वतःला वाचवण्यासाठी शोधलेला मार्ग असतो.

आपल्याकडे आणखी एक सावधगिरी हवी. कातकरी मुलाची घरची बोली वेगळी असते. दिवाळीनंतर कुटुंब वीटभट्टीवर गेले की शाळा बुडते. अशा मुलाचे वाचन मागे पडले म्हणून त्याला लगेच अक्षम ठरवू नये. आणि 'वाडीवरची मुले अशीच' म्हणून खरी अडचण दुर्लक्षितही करू नये.

मग काय करावे?

1. कोरा राहिलेला प्रश्न दुसऱ्या दिवशी मुलाला एकट्याला, त्याला कळेल अशा बोलीत, तोंडी विचारा.
2. गुण वर्गात मोठ्याने वाचू नका.
3. अधूनमधून बिनगुणांची छोटी चाचणी घ्या.
4. नियमित शिकवूनही अडचण टिकली, तर सरकारी रुग्णालयात तपासणीची चौकशी करा.

महाराष्ट्रात अशा मुलांना 1996 पासून परीक्षेत सवलती आहेत. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातही अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. प्रमाणपत्र असेल तर दहावीला जादा वेळ, गरजेनुसार लेखनिक मिळतो. कागदपत्रांना वेळ लागतो, म्हणून आठवीतच सुरुवात करावी. नाहीतर उत्तर येत असलेले मूलही नापासाचा शिक्का घेऊन भट्टीवर जाते.