माशीने मासा

वाघोलीच्या एका जुन्या खाणीत पावसाचे पाणी साचून तळे झाले आहे. तेथे मी पहिल्यांदा माशीची काठी घेऊन उभा राहिलो तेव्हा काठावर धुणे धूत असलेल्या एका आजी बराच वेळ माझ्याकडे पाहत होत्या. शेवटी त्यांना राहवेना. "बाळा, गळाला काही लावलंच न्हाई की रं?" मी जवळ जाऊन गळ दाखविला. गळाला कोंबड्याचे पीस व काळा दोरा गुंडाळून केलेली माशी होती. आजी हसल्या व म्हणाल्या, "आता मासंबी फसायला लागलं व्हय!"

या विद्येचे सार आजींच्या वाक्यात आले. गांडूळ किंवा कणकेची गोळी लावून मासा धरतात तेव्हा त्याला खरोखरीचे खाद्य देऊ केलेले असते. माशीच्या मासेमारीत खाद्य नसतेच. असतो तो खाद्याचा भास. पाण्यावर पडणारे, पाण्यातून निघून उडणारे किडे मासे खातात. त्या किड्याची नक्कल पिसे, केस व दोरा यांनी गळावर बांधावयाची आणि ती पाण्यावर अशी उतरवावयाची की माशाला संशय येऊ नये. आमच्या वाङ्मयाच्या तासाला अनुकृतीविषयी बरेच बोलले जाते. पण अनुकृती फसली की श्रोता उठून जातो म्हणजे काय होते, ते मला खाणीच्या काठावर समजले.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. नेहमीच्या गळाला शिशाचे वजन असते. ते फेकले की दोरी त्याच्यामागे जाते. माशीला वजनच नाही. ती फेकून दोन हातसुद्धा जाणार नाही. म्हणून येथे वजन दोरीला असते. दोरी जाड व मुद्दाम जड केलेली असते; तिच्या टोकाला सुमारे नऊ फुटांचे बारीक तंगूस आणि त्याच्या टोकाला माशी. आपण फेकतो ती दोरी. माशी केवळ तिच्याबरोबर जाते. एवढे एक समजले की निम्मे काम झाले.

उरलेले निम्मे मात्र हाताला समजावे लागते. हा सराव पाण्यावर करू नये, मैदानावर करावा. गळाऐवजी लोकरीचा तुकडा बांधावा, नाहीतर पहिला मासा आपलाच कान ठरतो. काठी डोक्याच्या किंचित मागे नेऊन झटकन थांबवावी. दोरी मागे हवेत उलगडत जाते. ती पूर्ण सरळ होईपर्यंत थांबावे आणि मगच काठी पुढे आणून पुन्हा झटकन थांबवावी. नवशिक्याचे सगळे दुःख या थांबण्यात आहे. मागचे दिसत नाही, म्हणून आपण घाई करतो. दोरीचा आसूडासारखा फटकारा वाजतो आणि तंगुसाच्या टोकावरची माशी तुटून जाते. पहिल्या आठवड्यात माझ्या सात माश्या अशा गेल्या. मग मान वळवून मागे पाहण्याची युक्ती सापडली. दोरी सरळ झालेली डोळ्यांना दिसली की हात आपोआप पुढे येतो. महिन्याभरात मान वळवावी लागत नाही.

ही विद्या मुख्यतः ट्राउट माशासाठी विलायतेत वाढली. ट्राउट थंड पाण्याचा मासा. पाणी वीस अंशांच्या वर गेले की त्याचा जीव कासावीस होतो. आपल्याकडे तो मूळचा नाही. काश्मिरात १९०० च्या सुमारास परदेशातून आणलेल्या अंड्यांपासून त्याची वाढ झाली. हिमाचलात, निलगिरीत व मुन्नारच्या डोंगरांतही तो नेऊन सोडला गेला. महाराष्ट्राच्या नद्यांत त्याचा निभाव लागणार नाही.

पण ट्राउटच्या गोष्टीत एक भाग असा आहे की जो धरणांच्या महाराष्ट्राने ऐकावा. खोल जलाशयात वरचे पाणी उन्हाने तापते व हलके होऊन वरच तरंगते. थंड, जड पाणी तळाशी राहते. धरणाचा दरवाजा तळाकडे असेल तर खालच्या नदीत भर उन्हाळ्यातही गार पाणी सुटते. अमेरिकेत आर्कन्सास राज्यातील व्हाइट नदीवर १९५१ मध्ये बुल शोल्स धरण पुरे झाले आणि कोमट पाण्याच्या त्या नदीत ट्राउट सोडता येऊ लागला. मूळचे कोमट पाण्यातले मासे मात्र त्या गारठ्याने हटले. धरणाखालची नदी ही जुन्या पात्रातून वाहणारी नवीच नदी असते. आपल्याकडे तळाचे पाणी ट्राउटला पुरेल इतके गार होत नाही, आणि उन्हाळ्यात त्यात प्राणवायूही कमी असतो. तरी वीजगृहातून पाणी सुटले की खडकांवर आपटून त्यात हवा मिसळते आणि त्या फेसाळ पाण्याच्या कडेला मासे जमतात.

अशा पाण्यात मासा कोठे असेल? तो दमणार नाही आणि खाद्य मात्र समोरून वाहत येईल अशा जागी. मोठ्या खडकाच्या मागे, वेगवान व संथ पाण्याच्या सांध्यावर, खळाळ संपून डोह सुरू होतो तेथे. मासा तोंड प्रवाहाकडे करून उभा असतो, म्हणून आपण खालच्या अंगाने जावे व माशी त्याच्या वर टाकून वाहत येऊ द्यावी. दोरी प्रवाहात ताणली की माशी पाण्याला छेद देत ओढली जाते. खरा किडा असा धावत नाही. मासा हे ओळखतो.

धरणाखाली एक गोष्ट तंत्रापेक्षा महत्त्वाची आहे. पाणी आकाश पाहून वाढत नाही, वीजगृहाच्या किंवा कालव्याच्या वेळापत्रकाने वाढते. एका धरणाखाली मी मांडीभर पाण्यातल्या खडकावर तंद्रीत उभा होतो. भोंगा झाला होता म्हणे. मी ऐकला नाही. माझ्या चपला काठावरच्या दगडावर होत्या. त्या तरंगत माझ्या शेजारून गेल्या तेव्हा मी शुद्धीवर आलो. परतताना पाणी छातीपर्यंत होते, आणि मला पोहता येते ही बढाई त्या चाळीस पावलांत संपली. तेव्हापासून पाण्यात उतरण्यापूर्वी काठाशी टेकलेला एक कोरडा दगड मी हेरून ठेवतो. तो भिजला की मासा लागलेला असला तरी बाहेर. भोंग्याची व पाणी सोडण्याची वेळ गावात विचारूनच उतरावे. जलाशयांवर बहुधा मच्छीमार सहकारी संस्थांचा ठेका असतो. त्यांचीही परवानगी घ्यावी. त्यांची ती रोजीरोटी आहे, आपली हौस.

ट्राउट नाही तर मग कशाच्या मागे जावयाचे? मद्रास इलाख्यातील मुलकी अधिकारी हेन्री सलिव्हन टॉमस याने १८७३ साली 'द रॉड इन इंडिया' हे पुस्तक लिहिले. त्याचा नायक आहे महसीर. पण माशीवर येणाऱ्या बोटभर चंदेरी माशांकडेही त्याने दुर्लक्ष केले नाही. नवशिक्याने तेथूनच सुरुवात करावी. खाणीत माझ्या माशीला पहिल्यांदा लागली ती चिलापी, वीतभरही नव्हती. काठी वाकली तेव्हा माझे हात कापत होते, हे सांगण्यात लाज नाही.

महसिराचे नाव निघाले म्हणून थोडे घरचे सांगतो. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनच्या माशांचे वर्णन १८३९ साली प्रसिद्ध केले. येथील लोकांच्या तोंडची नावेच त्याने शास्त्रीय नावांत घेतली. शिंगटी व मल्या आजही शास्त्राच्या पुस्तकांत आहेत. दख्खनी महसिराचे त्याने ठेवलेले 'खुद्री' हे नावही तसेच. हा खुद्री त्याने वर्णिला तो पुण्याच्या पूर्वेकडील मुळा-मुठेतला, म्हणजे आमच्याच अंगाच्या नदीतला. मांजरी खुर्दच्या काठावर मी काठी न घेताच एकदा जाऊन उभा राहिलो. शहराचे सांडपाणी पोटात घेऊन आलेली नदी काळी होती, वर जलपर्णी. माशी टाकावी अशी हातभर जागा मोकळी नव्हती.

खुद्री मात्र जगातून गेलेला नाही. लोणावळ्याला टाटा वीज कंपनीच्या केंद्रात १९७० च्या दशकापासून त्याची पिले वाढविली गेली व देशभर दिली गेली. काही कावेरीत सोडली. तेथे ती इतकी फोफावली की कावेरीचा स्वतःचा वशिंडवाला महसीर मागे हटला. २०१८ मध्ये तो अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदला गेला. आपल्या नदीत परका आणि परक्या नदीत पाहुणा डोईजड, अशी ही विचित्र अवस्था. आणखी एक गंमत पाहा. मुळेचे पाणी मुळशीला अडवून भिरा येथील वीजगृहातून कोकणात कुंडलिकेत सोडले जाते, आणि सकाळी ते सुटले की कोलाडला त्यावर नावा धावतात. ज्या धरणाविरुद्ध १९२१ मध्ये मुळशीच्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला, त्यानेच आमच्या नदीचे निम्मे अंग पश्चिमेला वळविले.

म्हणून कोठे महसीर लागलाच तर तो परत सोडावा, हा माझ्यापुरता नियम आहे. गळाच्या टोकाजवळची उलटी अणी चिमट्याने आधीच दाबून ठेवावी. गळ सहज निघतो. हात ओले करूनच मासा धरावा, कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघून जातो. छायाचित्राच्या नादात त्याला पाण्याबाहेर ठेवू नये. दोन्ही हातांनी सावरून त्याचे तोंड प्रवाहाकडे करावे व कल्ले संथ हलू लागेपर्यंत तसेच धरावे. ढकलू नये. शेपटीत बळ आले की तो आपणच हातातून निघून जातो.