१.२ सेकंदांची आठवण

प्रश्न : विमानात एकाच मोजमापासाठी तीन-तीन संवेदक असतात, असे वाचले. त्यातला कोणता चुकतोय हे संगणकाला कसे कळते? आणि तीन असूनही घात का होतो?
– एक विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : खरा आकडा संगणकालाही माहीत नसतो. तो तिन्ही आकडे एकमेकांशी ताडून पाहतो. चढत्या क्रमाने लावले की मधला त्यातल्या त्यात भरवशाचा, आणि त्यापासून फार लांब गेलेला तो संशयित. खरी अडचण पुढे आहे : संशयिताला बाहेर काढायचे कधी?

लगेच काढावे, तर खडबडीत हवेत धड संवेदकाचा आकडाही क्षणभर उसळतो. थांबावे, तर तेवढा वेळ विमान कशाच्या आधारावर उडवायचे? एअरबस ए३३०च्या संगणकात यावर एक तोड होती. आकडा विचित्र वाटला, की १.२ सेकंद शेवटचा चांगला आकडा धरून ठेवायचा. हा काळ फार ताणता येत नाही. शिळ्या माहितीवर विमान हाकणे म्हणजे धुक्यात मागच्या वळणाच्या आठवणीने घाट उतरणे. दुरुस्ती उशिरा पोचते आणि डोलणे थांबायच्या ऐवजी वाढत जाते.

७ ऑक्टोबर २००८ रोजी सिंगापूरहून पर्थला निघालेल्या क्वांटास कंपनीच्या ए३३० विमानात (उड्डाण क्रमांक ७२) या तोडीतली फट उघडी पडली. संवेदकांची मापे संगणकाला पुरवणाऱ्या तीन पेट्यांपैकी एक अधूनमधून भलतेच आकडे पाठवू लागली. संवेदक धड होता. पेटी बहुधा एका मापाचा आकडा दुसऱ्याच मापाच्या नावाने पाठवत होती. एक उसळी संगणकाने बरोबर अडवली. पण १.२ सेकंद संपले त्याच क्षणी पुढची उसळी हजर होती, आणि ती त्याने खरी मानली. पंख समोरच्या हवेला सुमारे २ अंशांनी भिडत होते. संगणकाला वाटले, ५० अंशांनी. एवढ्या कोनात पंखांची उचल ढासळते, म्हणून ३७,००० फुटांवर त्याने विमानाचे नाक खाली दाबले. शंभराहून अधिक प्रवासी जखमी झाले. वैमानिकांनी विमान ऑस्ट्रेलियातल्या लिअरमंथ विमानतळावर उतरवले.

या सगळ्या वेळात उरलेल्या दोन पेट्या खरेच सांगत होत्या. मला सर्वांत अस्वस्थ करते ते हे. पेटी का बिघडली, ते चौकशीत सापडले नाही. आकडे पारखण्याची रीत मात्र एअरबसने बदलली.