कुंभारी ते मुक्तिनाथ : दोघं, दोन गाड्या आणि एक सीमा

सोलापुरातून अक्कलकोट रस्त्याने दहा-बारा किलोमीटरवर कुंभारी. इथून मोटारसायकलवर परदेशी जायचं म्हटलं की लोकांना आधी लाखांचा खर्च दिसतो आणि मग व्हिसा. नेपाळसाठी दोन्हींची धास्ती नको. भारतीय नागरिकाला तिथे व्हिसा लागत नाही, आपलं लायसन्स चालतं, गाडी डाव्या बाजूनेच चालवायची असते, आणि हिरो, बजाज, होंडा, टीव्हीएस यांचे पार्ट तिथल्या बाजारपेठांत मिळतात. 'जाऊ की बे' म्हणायला एक चहा पुरतो. पण असे बेत कागदांवाचून किंवा रस्त्यावाचून फारसे अडत नाहीत, ते अडतात जोडीदारांच्या न बोललेल्या गोष्टींवर. म्हणून ही कृती नकाशापासून नाही, मित्रापासून सुरू होते.

अंदाज : जाऊन-येऊन सुमारे ४,००० किलोमीटर. १९ दिवस प्रवासाचे, २ दिवस राखीव. तयारी तीन महिने आधीपासून. गाडी १२५ सीसीची असली तरी चालेल, पण तिची देखभाल नीट झालेली हवी.

१. आधी आपसात ठरवा

एका संध्याकाळी दोघांनी वही घेऊन बसावं आणि पुढच्या गोष्टी लिहून काढाव्यात. तोंडी ठरलेलं तिसऱ्या दिवशी दोघांना वेगवेगळं आठवतं.

- थांबण्याचा नियम : ज्याला थांबावंसं वाटतं त्याचा शब्द शेवटचा. दुसऱ्याने कारण विचारायचं नाही. कारण द्यावं लागणार असलं की दमलेला माणूस गप्प बसतो आणि आणखी पन्नास किलोमीटर ओढतो. धोका त्या पन्नासात असतो.
- पुढे कोण : हळू चालवणारा पुढे. मागच्याने त्याच्या आरशात दिसत राहायचं. चुकामूक झाली तर पुढच्याने पुढच्या टोलनाक्यावर किंवा पंपावर थांबायचं, मागे फिरून शोधत बसायचं नाही.
- पैसे : राहणं, जेवण आणि परवाने सामाईक पाकिटातून. पेट्रोल आणि दुरुस्ती ज्याची त्याने. दोन गाड्यांचं अ‍ॅव्हरेज सारखं नसतं, तिथे वाटणी केली की कुरबुर होते. हिशेब रोज रात्री लिहायचा, दोघांनी पाहायचा.
- परत फिरणं : एकजण आजारी पडला तर दुसराही परत फिरणार का? वाया गेलेला खर्च कुणाचा? हे आजच ठरवा. तापाने फणफणलेल्या मित्रासमोर हा विषय काढता येत नाही.
- दारू : गाडीला कुलूप लागल्यावर, उद्याचा टप्पा लहान असेल तरच. नेपाळचे ट्रॅफिक पोलीस या बाबतीत कडक आहेत. तिथे या तपासणीला 'मापसे' म्हणतात, म्हणजे मादक पदार्थ सेवन.

यातल्या एखाद्या मुद्द्यावर एकमत झालं नाही, तर बेत पुढे ढकला किंवा जोडीदार बदला. मैत्री त्याने तुटत नाही.

२. तारीख पंचांगातून काढा

पावसाळ्यात नेपाळच्या डोंगरात दरडी कोसळतात, म्हणून जून ते सप्टेंबर बाद. दसऱ्यानंतर लगेच निघावं तर कोजागिरीला सोलापूर-तुळजापूर रस्ता पायी जाणाऱ्या भाविकांनी भरलेला असतो आणि वाहनं वळवली जातात. त्याच पौर्णिमेपर्यंत नेपाळात दशैं चालू असतो. मग दिवाळी, आणि तिकडे तिहार. भाऊबीज दोन्हीकडे एकाच दिवशी. त्यानंतर षष्ठीला छठ, तेव्हा पूर्वांचल आणि तराईतल्या घाटांकडे जाणाऱ्या रस्त्यांवर गर्दी उसळते.

या सगळ्यातून उरणारा चांगला दिवस म्हणजे कार्तिक शुद्ध पंचमी, आपली पांडव पंचमी. त्या सकाळी निघालात तर उत्तर प्रदेशात पोहोचेपर्यंत छठ उरकलेली असते, आणि परत येईपर्यंत उत्तरेतलं दाट धुकं सुरू झालेलं नसतं. एक सावधगिरी मात्र घ्या. या दिवसांत गळीत हंगाम सुरू होतो. उसाच्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या अंधारात दिसत नाहीत. सूर्य मावळला की गाडी उभी, हा नियम घरापासूनच लागू करा.

३. कागद

- ओळख : पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र. पंधरा ते पासष्ट वयाच्या माणसाला आधार कार्डावर सीमा ओलांडता येत नाही. पासपोर्ट काढायचा असेल तर सोलापूरच्या पोस्टातल्या केंद्राची वेळ घ्या आणि पोलीस पडताळणीचे दिवस धरून तीन महिने आधी अर्ज करा. मतदार कार्डावर जायचं असेल तर त्यावरचं नाव आणि लायसन्सवरचं नाव ताडून पाहा.
- गाडी : आरसी, पीयूसी, विमा. गाडी वडिलांच्या किंवा भावाच्या नावावर असेल तर मालकाचं सहीचं अधिकारपत्र घ्या. त्यापेक्षा ज्याच्या नावावर गाडी त्यानेच चालवलेली बरी. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र सोबत ठेवा.
- विमा : आपली साधी पॉलिसी भारतापुरती असते. विमा कंपनीकडे भौगोलिक क्षेत्र नेपाळपर्यंत वाढवून मागा. थोडा जादा हप्ता भरून तसं लेखी मिळतं. प्रवास विमाही घ्या, पण त्यात मोटारसायकल चालवताना झालेला अपघात धरला आहे का, हे पॉलिसीत वाचून खात्री करा.
- प्रती : प्रत्येक कागदाच्या चार झेरॉक्स. एक संच मित्राच्या बॅगेत, एक घरी.

मूळ कागद अंगावरच्या पाकिटात ठेवा, गाडीवरच्या बॅगेत कधीही नाही. मुंबईहून जगप्रवासाला निघालेल्या योगेश आळेकरी याची गाडी ऑगस्ट २०२५ मध्ये इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमला चोरीला गेली. तिच्यावरच्या सामानासोबत पासपोर्टही गेला. गाडी गेल्याचं दुःख वेगळं, पण कागद गेले की माणूस परक्या देशात अडकून पडतो.

४. गाडी

निघण्याच्या महिनाभर आधी सर्व्हिसिंग करा, आदल्या दिवशी नाही. नवीन टाकलेल्या भागाला बिघडायचं असेल तर ते घराजवळ बिघडू द्या. टायर, चेन-स्प्रॉकेट, ब्रेक शू किंवा पॅड, बॅटरी, क्लच आणि अ‍ॅक्सिलरेटरची केबल नीट तपासून घ्या. 'अजून दोन हजार किलोमीटर चालेल' असं मेकॅनिक म्हणाला की तो भाग बदला, कारण तुम्हाला चार हजार जायचं आहे.

दोन्ही गाड्या एकाच मॉडेलच्या असतील तर सुट्या भागांचा एकच संच पुरतो : ट्यूब, दोन्ही केबल, स्पार्क प्लग, फ्यूज, चेनची लिंक, बल्ब. सोबत पान्यांचा संच, पंप, एम-सील आणि केबल टाय.

५. रंगीत तालीम

संपूर्ण सामान बांधून दोन फेऱ्या मारा. पहिली हैदराबादला : एक दिवस जाणं, दुसऱ्या दिवशी येणं. सलग तीनशे किलोमीटर बसल्यावर पाठ काय म्हणते ते कळतं. दुसरी महाबळेश्वरला, कारण सोलापूर सपाटीवर आहे आणि आपल्याला घाटाची सवय नाही. उतारावर ब्रेक दाबून न ठेवता खालच्या गिअरमध्ये उतरायला तिथे शिका. दोन्ही फेऱ्यांत थांबण्याचा नियम पाळला गेला का, हे परत आल्यावर खरं खरं बोला.

६. सामान

दोन जोड कपडे, गरम जाकीट, रेनकोट, हातमोजे, घोट्याच्या वरपर्यंत बूट. ओआरएस, तापाची गोळी, पट्ट्या, नेहमीची औषधं. खिशात रक्तगट आणि घरचा नंबर लिहिलेली चिठ्ठी. कडक भाकरी आणि शेंगांची चटणी आवर्जून घ्या. दोन्ही खूप दिवस टिकतात आणि दुपारी ढाबा मिळाला नाही तर उपाशी राहावं लागत नाही. सोलापुरी चादर घरीच ठेवा. मुक्तिनाथच्या वाटेवरच्या लॉजमध्ये रजया मिळतात, आणि ओली झालेली चादर गाडीवर वाळत नाही.

७. टप्पे

१. कुंभारी-तुळजापूर-लातूर-नांदेड, सुमारे २७५ किमी. पहिला दिवस मुद्दाम लहान. गुरुद्वाऱ्याच्या यात्री निवासात राहण्याची आणि लंगरमध्ये जेवणाची सोय होते.
२. नांदेड-यवतमाळ-वर्धा-नागपूर, सुमारे ३४०.
३. नागपूर-सिवनी-जबलपूर, सुमारे २७०. पेंचचं जंगल लागतं, तिथे वेग कमी ठेवा.
४. जबलपूर-रीवा-प्रयागराज, सुमारे ३७०. सर्वांत लांब दिवस, पहाटे निघा.
५. प्रयागराज-गोरखपूर, सुमारे २७०.
६. गोरखपूर-सोनौली, शंभरेक किलोमीटर. सीमा ओलांडून लुंबिनीत मुक्काम.

पेट्रोलचा हिशेब साधा आहे. ४,००० भागिले गाडीचं अ‍ॅव्हरेज. ४५ चं अ‍ॅव्हरेज असेल तर एका गाडीला सुमारे ९० लिटर. त्यात दहा लिटर घाटांसाठी वाढवा.

८. सीमा

सोनौलीला सकाळीच पोहोचा. नेपाळच्या बाजूला बेलहिया इथे भन्सार कार्यालय आहे, म्हणजे तिथलं कस्टम. आरसी, लायसन्स आणि ओळखपत्र दाखवून जितके दिवस गाडी नेपाळात राहणार तितक्या दिवसांचं शुल्क नेपाळी रुपयांत भरायचं. आपल्या बेतात दहा दिवस लागतात, बारा दिवसांचे भरा. मुदतीनंतर बाहेर पडलात तर दंड बसतो, आणि दरड पडून रस्ता बंद होता हे कारण सांगत बसावं लागतं. एका नेपाळी आर्थिक वर्षात भारतीय गाडीला एकूण तीसच दिवस मिळतात. भन्सारनंतर यातायातचा, म्हणजे तिथल्या वाहतूक खात्याचा परवाना घ्या. दोन्ही कागद परत येईपर्यंत जपा.

पैशाचा दर पक्का आहे : आपला एक रुपया म्हणजे नेपाळचे १ रुपया ६० पैसे. सीमेजवळ भाव विचारताना 'आय.सी. की एन.सी.' असं आधी विचारा, म्हणजे भारतीय रुपये की नेपाळी. शंभराच्या नोटा भरपूर ठेवा. मोठ्या नोटांचे तिथले नियम बदलत आले आहेत, निघण्याआधी ताजा नियम बघून घ्या. बऱ्याच दुकानांत क्यूआर कोडवर आपलं यूपीआय चालतं, पण डोंगरात नेटवर्क गेलं की रोख लागतेच. घड्याळ १५ मिनिटं पुढे करा. शनिवार तिथे सुट्टीचा वार आहे, कार्यालयाची कामं त्या दिवसावर ठेवू नका. पोलीस १००, रुग्णवाहिका १०२, ट्रॅफिक पोलीस १०३, हे नंबर फोनमध्ये भरून ठेवा.

काठमांडूला जायचा मोह झालाच, तर तिथे विनाकारण हॉर्न वाजवायला २०१७ पासून बंदी आहे. आपल्याकडच्या माणसाला हा नियम चढणीपेक्षा अवघड जातो.

९. डोंगर

बुटवलहून पाल्पामार्गे पोखरा. बुटवल सोडताच सिद्धबाबा भागात दरडी पडतात, तिथे फोटोसाठी थांबू नका. पोखऱ्यात एक दिवस विश्रांती आणि अन्नपूर्णा संरक्षण क्षेत्राचा परवाना. भारतीयांना तो सार्क देशांच्या सवलतीच्या दरात मिळतो.

पोखरा सुमारे ८०० मीटरवर आहे आणि मुक्तिनाथ सुमारे ३,८०० मीटरवर. कुंभारी साडेचारशेच्या आसपास. पोखऱ्याहून मुक्तिनाथ एका दिवसात गाठता येतं म्हणून गाठू नका. पहिला मुक्काम तातोपानी किंवा कालोपानीला, दुसरा मार्फा किंवा जोमसोमला (सुमारे २,७०० मीटर), आणि तिसऱ्या दिवशी सकाळी वर जाऊन दर्शन घेऊन पुन्हा जोमसोमला. बेनीच्या पुढे रस्ता खडबडीत आहे आणि काली गंडकीच्या खोऱ्यात दुपारी जोराचा वारा सुटतो, म्हणून त्या भागातलं अंतर सकाळी कापा. पेट्रोलची टाकी बेनीला आणि जोमसोमला भरा. कागबेनीहून उत्तरेला वळू नका. तो अप्पर मुस्तांगचा भाग आहे, त्याला वेगळा परवाना लागतो.

डोकेदुखी, मळमळ, चक्कर यांपैकी काही झालं तर वर जायचं नाही, आणि वाढलं तर लगेच खाली उतरायचं. मंदिर दहा किलोमीटरवर असताना थांबण्याचा नियम पाळणं सर्वांत कठीण असतं. तो मुळात अशाच क्षणासाठी केलेला आहे.

१०. परतल्यावर

बाहेर पडताना भन्सारचा कागद बेलहियाला जमा करा. सामाईक पाकिटाचा शेवटचा हिशेब नांदेडच्या मुक्कामी मिटवा. गावात आल्यावर जो तो आपल्या कामाला लागतो आणि उरलेली रक्कम वर्षभर राहून जाते. गाडीचं ऑईल बदला, चेन धुऊन घ्या.

यापुढे लंडनचं स्वप्न असेल तर कागद बदलतात. आंतरराष्ट्रीय वाहन परवाना सोलापूरच्या आरटीओतून निघतो, तो वर्षभर चालतो. गाडीसाठी बऱ्याच देशांत कार्ने लागतं : गाडी त्या देशात न विकता परत नेऊ, याची ती आर्थिक हमी असते. मुंबईची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशन ते देते. चीनमधून जायचं तर तिथल्या एजन्सीचा वाटाड्या, तात्पुरतं लायसन्स आणि नंबरप्लेट लागते. यात बराच पैसा आणि बरेच महिने जातात.

हे सुरू करण्याआधी दोघांनी पुन्हा ती वही काढावी आणि पहिलं पान वाचावं. थांबण्याचा नियम कुणी, कुठे मोडला ते समोरासमोर सांगता आलं, तर कार्नेची चौकशी करायला हरकत नाही. सांगता आलं नाही, तर आधी भूतान करा. तिथे भारतीयांना रात्रीमागे १,२०० रुपये शाश्वत विकास शुल्क भरावं लागतं. खर्च होईल, पण जोडी लंडनपर्यंत टिकेल की नाही हे त्याहून स्वस्तात कुठे कळणार नाही.