फुटबॉलपटूंच्या दुखापती : दोष लाथेचा की घाईचा?

गेल्या महिन्यात एकोणीस वर्षांचा एक खेळाडू लंगडत दवाखान्यात आला. सोबत मामा होते. मांडीच्या मागचा स्नायू दुखावून आठ दिवस झाले होते. "डॉक्टर, रविवारी फायनल आहे. एक इंजेक्शन द्या, एवढी मॅच निघू दे," मामा म्हणाले. त्या दोघांना जे सांगितले, तेच आज वाचकांसाठी लिहितो.

फुटबॉलमध्ये दुखापत होते ती लाथ बसल्याने, असा आपला समज असतो. युरोपातील नामवंत व्यावसायिक संघांच्या दुखापतींची नोंद २००१ पासून ठेवली जात आहे. ती वेगळेच सांगते. पंचवीस खेळाडूंच्या संघात एका हंगामात सुमारे ५० दुखापती होतात. त्यांत मांडीच्या मागच्या स्नायूची दुखापत अग्रभागी, आणि ती बहुधा जोरात धावताना होते. जवळ कोणी नसतानाही! धावताना पाय पुढे फेकला जातो, तेव्हा हा स्नायू ताणला जात असतानाच पायाला ब्रेक लावत असतो. थकलेल्या स्नायूला हे काम झेपत नाही आणि त्याचे तंतू तुटतात. २००१-०२ मध्ये एकूण दुखापतींत हिचा वाटा १२ टक्के होता, २०२१-२२ मध्ये तो २४ टक्क्यांवर गेला. खेळ वेगवान झाला, सामने वाढले, मधली विश्रांती मात्र घटली.

दुसरे मोठे कारण म्हणजे पूर्ण न भरलेली जुनी दुखापत. ब्राझीलचा रोनाल्डो (पोर्तुगालचा नव्हे) आठवतो ना? नोव्हेंबर १९९९ मध्ये इटलीच्या इंटर संघाकडून खेळताना त्याच्या उजव्या गुडघ्याच्या वाटीखालची कंडरा फाटली. शस्त्रक्रिया झाली. १२ एप्रिल २००० रोजी तो पुन्हा मैदानात उतरला आणि सहा-सात मिनिटांतच, कोणाचा धक्का न लागता, गुडघा कोलमडला. तीच कंडरा या वेळी पूर्ण तुटली. पुढे २००२ च्या विश्वचषकात त्याने आठ गोल केले हे खरे, पण मधला मोठा काळ त्याने मैदानाबाहेर काढला.

दुखणे थांबते ते आधी. जखम भरते ती नंतर. स्नायूला पूर्वीचे बळ यायला कित्येक आठवडे लागतात. कंडरेला रक्तपुरवठा कमी, म्हणून तिला महिने. इंजेक्शनने वेदना दबते, तुटलेला तंतू जुळत नाही. उमेदीच्या काळात मीही एकाला असे इंजेक्शन दिले होते. दुसऱ्या अर्ध्यात तो कोसळला आणि पुढे कधी पूर्वीसारखा धावला नाही. ते अजून मनातून जात नाही.

सर्व ताकदीने धावताना दुखत नसेल आणि दोन्ही पायांचे बळ सारखे असेल, तरच सामना खेळावा. धडधाकट खेळाडूंसाठी एक साधा व्यायाम आहे. गुडघ्यांवर उभे राहायचे, जोडीदाराने मागून घोटे घट्ट धरायचे, आणि कंबर न वाकवता अंग सावकाश पुढे सोडायचे. सुरुवात थोड्या वेळांनी करावी, कारण पहिले काही दिवस मांड्या चांगल्याच दुखतात. नियमित केल्यास मांडीच्या या दुखापती जवळजवळ निम्म्याने घटतात, असे अभ्यासांत दिसले आहे.

तो मुलगा फायनल खेळला नाही. संघ हरला. मामा अजून रस्त्यात भेटले की तोंड फिरवतात. भाचा मात्र परवापासून हळूहळू पळू लागला आहे.